लिव्हरपूलची गोदी वाचली, दर्जा गेला

इंग्लंडमधील लिव्हरपूलची ‘अल्बर्ट डॉक’ ही गोदी १८४६ मध्ये सुरू झाली. कापूस, रेशीम, साखर यांना आगीचे भय. म्हणून गोदामांच्या बांधणीत लाकूड टाळून वीट, दगड, ओतीव लोखंड वापरले गेले. पुढे मोठ्या आगबोटींना ही जागा अपुरी पडली. १९७२ मध्ये बंद झालेली गोदी गाळाने भरली. गाळ उपसून १९८८ मध्ये ती पुन्हा खुली झाली. आता गोदामांत बीटल्सचे संग्रहालय, उपाहारगृहे आहेत. लोखंडी खांबांच्या ओवरीतून रमतगमत पाण्याभोवती फेरी मारता येते.

मग ‘युनेस्को’ने २००४ मध्ये या किनाऱ्याला दिलेला जागतिक वारसा दर्जा २०२१ मध्ये का काढला? उत्तरेकडील नवी बांधकामे नडली. तिथली ब्रॅमली-मूर गोदी तर चक्क बुजवली. तिच्यावर आता एव्हर्टन क्लबचे फुटबॉल स्टेडियम आहे.