जुन्या गाडीला इंजिनखाली गार्ड लावावा का?

महामार्ग सोडून वसई फाट्याला आत वळलं की खड्डे सुरू होतात, पुढे सोसायट्यांच्या दारात उंच गतिरोधक, आणि घर अर्नाळा-कळंब-भुईगावच्या बाजूला असेल तर बारा महिने खारा वारा. वसई-विरारमध्ये दहा-पंधरा वर्षांची गाडी वापरणाऱ्याला म्हणूनच पावसाळ्याआधी सल्ला मिळतो, ‘खाली गार्ड मारून घ्या.’ सल्ला चुकीचा नाही, पण सरसकट सगळ्या गाड्यांना तो लागू पडत नाही.

मुळात गार्ड या एकाच नावाने दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली, कंपनीतून येणारं प्लास्टिकचं अंडर कव्हर. चाकांनी उडवलेलं चिखलपाणी बेल्ट, अल्टरनेटर आणि वायरिंगवर जाऊ नये, एवढंच त्याचं काम. दगडाचा मार ते सोसत नाही. दुसरी, लोखंडी पत्र्याचा गार्ड. तो मार स्वतःवर घेतो आणि इंजिनाचा चेंबर वाचवतो.

चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारं भांडं. लहान पेट्रोल गाडीत साधारण तीन-साडेतीन लिटर ऑइल असतं. पत्र्याचा चेंबर मार लागला की चेपतो, ॲल्युमिनियमचा तडकतो. तडकला तर ऑइल गळताना निदान दिसतं. चेपलेला जास्त फसवा. ऑइल ओढणारी जाळी चेंबरच्या तळापासून अगदी थोड्या अंतरावर असते. तळ आत दबला की जाळीचं तोंड झाकलं जातं, ऑइल पुरेसं वर चढत नाही आणि थेंबही न गळता इंजिन आतून झिजत राहतं.

साचलेल्या पाण्यावर मात्र यातला कुठलाच गार्ड उपाय नाही. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडल्या होत्या. तशा पाण्यात गाडी घातली तर पाणी इंजिनात शिरतं ते हवा ओढणाऱ्या नळीतून, खालून नव्हे. उलट, क्लिप तुटलेलं प्लास्टिक कव्हर पाण्याच्या जोराने फाटून लोंबकळतं. गार्ड आहे म्हणून पाण्यात गाडी घालू नये.

आता आपली गाडी तपासू. गॅरेजमध्ये ती लिफ्टवर चढवायला सांगा आणि स्वतः खाली उभे राहून बघा. चेंबरची पुढची कड आणि ड्रेन नट नीट पाहा. चकचकीत ओरखडा ताजा असतो, गंजलेला जुना. ताजे ओरखडे बरेच असतील तर गाडी खाली घासते आहे, आणि त्याचं कारण अनेकदा रस्त्यापेक्षा बसलेल्या स्प्रिंगमध्ये आणि संपलेल्या शॉकअपमध्ये असतं. गार्डआधी ते बदला. गाडी मूळ उंचीवर आली की घासणं बरंच थांबतं.

त्यानंतर गळती. रात्री इंजिनखाली पुठ्ठा पसरून ठेवा आणि सकाळी डाग बघा. जुन्या गाडीच्या बाबतीत ही पायरी सर्वांत महत्त्वाची. गळणाऱ्या इंजिनाखाली गार्ड लावला की ऑइल जमिनीवर न पडता गार्डवर साचतं. मालकाला डाग दिसत नाही, पातळी घटत जाते. त्या तेलकट थरात सुका पाला, प्लास्टिकच्या पिशव्या अडकतात आणि जवळच सायलेन्सरचा तापलेला पाइप असतो. म्हणजे आगीचा धोकाही येतो. ऑइल सील आणि चेंबरचं पॅकिंग बदलून गळती थांबल्यावरच गार्डचा विचार करावा.

गाडीला कंपनीचं कव्हर होतं आणि ते पडलं असेल, तर तेच पुन्हा बसवा. बहुतेकांना तेवढं पुरतं. लोखंडी गार्ड लागतो तो ज्यांचा रोजचा रस्ता कच्चा, दगडांचा आहे आणि स्प्रिंग-शॉकअप ठीक असूनही चेंबर घासतो त्यांनाच. २ मिलिमीटर जाडीचा, दोन फूट बाय अडीच फुटांचा पत्रा सुमारे ७ किलो भरतो, आणि गाडीची जमिनीपासूनची उंचीही थोडी कमी होते. म्हणून तो चेंबरला शक्य तितका जवळ, पण न टेकता बसवून घ्यावा. टेकला तर दगडाचा धक्का थेट चेंबरला पोहोचतो.

बसवताना वेल्डिंग करू देऊ नका. चॅसीच्या मूळ भोकांना नट-बोल्टनेच जोडा. ऑइल बदलण्यासाठी ड्रेन नटाखाली भोक, पाणी निघायला छिद्रं आणि हवा खेळायला फटी हव्यात. सरळ बंद पत्रा इंजिनाची उष्णता कोंडतो. किनाऱ्याकडच्या गावांत पत्र्याला गंजरोधक रंग दोन्ही बाजूंनी लावून घ्या. दर सर्व्हिसिंगला गार्ड उतरवून आतला चिखल धुवा, कारण खारट ओला चिखल पत्र्याबरोबर त्याला लागून असलेली चॅसीही खातो.

गार्ड असो वा नसो, खालून मोठा दणका बसून ऑइलचा लाल दिवा लागला तर इंजिन तिथेच बंद करा आणि टोइंग मागवा. चेंबर नवा बसवता येतो. ऑइलविना पुढे हाकलेली गाडी मात्र इंजिन जाम करून घेते, आणि दणक्यानंतर गाडी चालवत राहिल्याने झालेलं असं नुकसान नेहमीचा विमा सहसा भरून देत नाही.

थोडक्यात, पैसे आधी गळतीवर घाला, मग शॉकअपवर, मग कंपनीच्या कव्हरवर. लोखंडी गार्ड सर्वांत शेवटी, आणि चेंबरवरचे ओरखडे तो मागत असतील तरच.