कोविडचा पैसा कुठे गेला?
अमेरिकेत सरकारी शाळांचा गाडा मुख्यतः राज्य आणि स्थानिक करांवर चालतो. केंद्राचा वाटा एरवी दहा टक्क्यांच्या आसपास. कोविडने हे गणित बदललं. मार्च २०२० ते मार्च २०२१ या वर्षभरात तीन कायद्यांतून १३.२, ५४.३ आणि १२२ अब्ज डॉलर मंजूर झाले. तिसऱ्या हप्त्यात शाळांना मिळालेल्या रकमेचा किमान पाचवा हिस्सा बुडालेला अभ्यास भरून काढायला राखीव होता. बाकी बऱ्यापैकी मोकळीक. उन्हाळी वर्ग, लॅपटॉप, हवा खेळती ठेवणारी यंत्रणा झाली. विस्कॉन्सिनमधल्या एका शाळा-मंडळाने तर मैदानावर कृत्रिम हिरवळ अंथरली! खरी चूक वेगळीच: अनेक ठिकाणी तात्पुरत्या पैशावर पगारी पदं भरली. शेवटचा हप्ता कशावर खर्चायचा हे पक्कं करण्याची मुदत ३० सप्टेंबर २०२४ला संपली.