आचारी, आचार्य आणि लिनक्स

प्रवरेकाठच्या बेलापुरात सप्ताहाचा हिशेब ठेवणाऱ्याने एकाच फोल्डरमध्ये दोन फाइली केल्या, असं समजा: ‘आचाऱ्यांचे मानधन’ आणि ‘आचार्यांचे मानधन’. पहिल्या नावातला ‘ऱ्या’ जुन्या पद्धतीने, म्हणजे ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असा टाइप झालेला. इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांत भेद न करणाऱ्या फोल्डरमध्ये (अँड्रॉइड फोनांत असे असतात) लिनक्स नाव ताडून पाहताना हे चिन्ह सोडून देत असे. मग दोन्ही नावं एकच ठरतात आणि दुसरी फाइल सेव्ह करताना पहिलीवर घाला पडू शकतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एक बदल आला: अशी चिन्हं गाळू नका. मराठी माणूस म्हणून मला तो वाचताक्षणी पटला. पण पटणं वेगळं, तपासणं वेगळं. हाताने लिहिलेला कोड थोडासा. बाकी यंत्राने तयार केलेले तक्ते, हजारो ओळींचे. ते डोळ्यांनी वाचून काय कळणार? म्हणून लॅपटॉपवर तसं फोल्डर केलं, जुन्या कर्नलवर फाइली ठेवल्या आणि नव्यावर उघडल्या. सगळ्या उघडल्या.

इथेच फसगत होते. एक्स्ट४ ही लिनक्सची फाइल-प्रणाली लहान फोल्डर सरळ वरून खाली वाचते. फाइली वाढल्या की मात्र नावावरून काढलेल्या हॅशची सूची बनते आणि शोध त्या सूचीतून होतो. जुन्या कर्नलवर फोल्डर भरल्यावर नव्यावर यादीत नाव दिसत होतं, उघडायला गेलं की ‘अशी फाइल नाही’. साहजिक आहे: डिस्कवरचा हॅश चिन्ह गाळून काढलेला, शोधणारा चिन्ह धरून काढतो.

याच कारणाने डिसेंबरमध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी बदल मागे घेतला. श्रीरामपूर शहरातल्या रेल्वे स्टेशनाचं नाव बेलापूर आहे, गाव तिथून काही किलोमीटर दूर. नाव खटकलं तरी तिकीट त्याच नावाने काढावं लागतं; फाइलींचंही तसंच.

पुढे २०२५ मध्ये हॅश न जुळणाऱ्या फाइलींसाठी तोडगा आला: सूचीत नाव सापडलं नाही, तर अख्खं फोल्डर ओळीने शोधा. थिओडोर त्सो यांनी तो एक्स्ट४साठी लिहिला. फोनांत वापरल्या जाणाऱ्या एफ२एफएसमध्येही तो आहे. भुर्दंड पडतो तो अशा फाइलींच्या आणि मुळात नसलेल्या फाइलींच्याही शोधाला, आणि प्रोग्रॅम नसलेल्या फाइली सारख्या शोधत असतात. न जुळणाऱ्या हॅशची नावं नाहीत याची खात्री असेल, तर फोनच्या निर्मात्याला हा फेरा बंद करता येतो.

तोडगा देखणा नाही, पण मी त्याला हरकत घेतली नसती. हरकत कर्नलच्या चाचण्यांवर आहे: त्यांत मोठं फोल्डर हवं आणि त्यात एक आचारी, एक आचार्य हवाच. कर्नलवर काम करणाऱ्या मराठी मंडळींनी ही नावं चाचण्यांत घालावीत.