जुना लिन एलपी12 हाती आलाय? आधी स्प्रिंगा बघा!

ग्लासगोच्या लिन कंपनीचा सोंडेक एलपी12 हा टर्नटेबल 1970च्या दशकापासून बनतोय, आणि 2020 मध्ये आलेलं कॅरोसेल बेअरिंग जुन्या डेकलाही बसतं. हेच मला फार आवडतं! पण खर्चाआधी सेटअप करून घ्या. आतलं सबचॅसी तीन स्प्रिंगांवर तरंगतं. प्लॅटर हलकेच दाबून सोडा: तो सरळ वर-खाली डोलला पाहिजे. तिरका हेलकावला तर स्प्रिंगा किंवा टोनआर्मची केबल नीट लावायला हवी. बेल्ट आणि आतल्या प्लॅटरची कड स्पिरिटने पुसा, बेअरिंगमधलं तेल बदला. मोटरला वीज पुरवणारा वालहाला बोर्ड असेल तर जुने कपॅसिटर जाणकाराकडूनच बदलून घ्या, तिथे मेन्सचा करंट खेळतो. महागडी कार्ट्रिज सगळ्यात शेवटी.