कूळकायदा नसलेली जमीन

विंडोजसाठी प्रोग्राम लिहिणं हे १९९० च्या सुमारास मोजक्या तज्ज्ञांचं काम होतं. पडद्यावर नुसती रिकामी खिडकी आणायची तरी सी भाषेत पानभर कोड लागे. मे १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिक आणलं. ॲलन कूपर यांच्या मूळ कल्पनेतून आलेल्या या साधनात बटन उचलून फॉर्मवर ठेवायचं, त्यामागे चार ओळी लिहायच्या, की काम सुरू. रीतसर शिक्षण नसलेले हिशेबनीस आणि इंजिनिअरही सॉफ्टवेअर बनवू लागले. १९९८ ची सहावी आवृत्ती, म्हणजे सर्वांच्या तोंडी बसलेलं ‘व्हीबी सिक्स’, हा या वाटचालीचा कळस. महाराष्ट्रातल्या कॉम्प्युटर क्लासांतही डेटाबेससाठी फॉक्सप्रो आणि व्हीबी शिकवलं जाई. तिथून शिकलेली मुलं दुकानांची बिलं आणि पतसंस्थांची खाती सांभाळणारी सॉफ्टवेअर लिहून विकत.

सगळे एकाच कंपनीच्या दारात का गेले, याचं उत्तर मायक्रोसॉफ्टवर अमेरिकेत चाललेल्या मक्तेदारीच्या खटल्यात सापडतं. न्या. थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये नोंदवलेल्या निष्कर्षांनुसार, इंटेलशी सुसंगत पीसींच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये विंडोजचा वाटा किमान ९५ टक्के होता. गिऱ्हाईक विंडोजवर म्हणून प्रोग्रामर विंडोजवर, आणि प्रोग्राम विंडोजवर म्हणून गिऱ्हाईकही तिथेच. नव्या स्पर्धकाला या चक्रात शिरकाव नाही, हे न्यायालयाने मांडलं. पोट भरायचं तर मायक्रोसॉफ्टचीच साधनं शिकणं शहाणपणाचं होतं. साधन कधी मोडीत काढायचं, हे ठरवण्याचा हक्क मात्र या शहाणपणात कंपनीकडेच राहिला.

तो हक्क किती महाग पडतो, ते २००२ मध्ये कळलं. त्या फेब्रुवारीत आलेल्या डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या नव्या मंचातलं व्हिज्युअल बेसिक नावाने जुनं आणि आतून नवं होतं. सोळा बिटांचा इंटिजर बत्तीस बिटांचा झाला. फंक्शनला दिलेली किंमत पूर्वी मूळ जागीच बदलता येई, आता वेगळं सांगितलं नाही तर तिची प्रत जाऊ लागली. व्हेरिअंट हा हरकामी प्रकार गेला. जुना कोड नव्यात तसाच चालणं अशक्य झालं. कंपनीने रूपांतराचं साधन दिलं होतं, पण मोठ्या प्रकल्पांत मागे उरणारी दुरुस्ती हातानेच करावी लागे. मार्च २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल’ म्हणून गौरवलेल्या शंभराहून अधिक जाणकारांनी जुनी भाषा पुढे चालू ठेवण्याची विनंती केली. ती मान्य झाली नाही. मुख्य सपोर्ट त्याच महिन्यात संपला आणि वाढीव सपोर्ट एप्रिल २००८ मध्ये.

आपल्याकडे १९४८ च्या कूळवहिवाट कायद्याने कसणाऱ्याच्या बाजूने उभं राहायची सोय केली. सॉफ्टवेअरच्या जमिनीला असा कायदा नाही. वर्षानुवर्षं ती कसली, तरी वहिवाट लागत नाही.

साधन मोडीत काढण्याचं हे पुढे पुनःपुन्हा घडलं. १९९२ मध्ये विकत घेतलेल्या फॉक्सप्रोला नवी आवृत्ती येणार नाही, असं २००७ मध्ये जाहीर झालं. त्याच वर्षी आलेल्या, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सिल्व्हरलाइटची २०११ ची पाचवी आवृत्ती शेवटची ठरली. डेटाबेसशी बोलण्यासाठी ओडीबीसी, डीएओ, आरडीओ, एडीओ, एडीओ डॉट नेट अशी रांगच लागली. एकेकाळी एक्सेलवर काम केलेले जोएल स्पोल्स्की यांनी २००२ मध्येच लिहिलं होतं, की या रांगेमागे धावण्यातच इतरांचा वेळ जातो.

कंपनीची बाजूही समजून घ्यायला हवी. जुन्या व्हीबीला इंटरनेटचं युग पेलणारं नव्हतं आणि जावाचं आव्हान समोर होतं. शिवाय व्हीबी सिक्सचं रनटाइम विंडोज ११ मध्येही चालतं, म्हणजे जुने प्रोग्राम एका रात्रीत बंद पडले नाहीत. मराठीचा तर डॉट नेटकडे जाण्याच्या या बदलात फायदाच झाला. व्हीबी सिक्सचे नेहमीचे कंट्रोल मजकूर दाखवताना तो विंडोजच्या जुन्या कोडपेजमधून, म्हणजे अक्षरांच्या तक्त्यातून, नेत, आणि देवनागरीसाठी असं कोडपेजच नव्हतं. युनिकोड मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची ओळ उमटे. म्हणून मराठी बिलं आणि दाखले फॉन्टच्या युक्तीने छापले जात. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले ते फॉन्ट असत. फॉन्ट बदलला की मजकुराची रद्दी. डॉट नेटच्या फॉर्मवर युनिकोड मराठी सरळ लिहिता आलं. पण तोवर साठलेला मजकूर त्या युक्तीतच अडकून पडला होता.

नोव्हेंबर २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने डॉट नेटचा गाभा मुक्तस्रोत करण्याची घोषणा केली आणि तो लिनक्सवरही चालू लागला. अवलंबित्व सैल झालं, संपलं नाही. वेबसाइट बनवण्याचं वेब फॉर्म्स हे जुनं साधन या नव्या डॉट नेटमध्ये आलंच नाही, त्यामुळे त्यावरच्या साइट नव्यावर न्यायच्या तर पुन्हा लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दीर्घ मुदतीच्या आवृत्तीलाही सपोर्ट तीनच वर्षं. २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलरना गिटहब घेतल्यावर जगभरच्या मुक्त कोडचं मोठं गोदामही याच मालकाकडे गेलं. कोड लिहिण्याच्या व्हीएस कोड या संपादकाचा मूळ कोड खुला आहे, पण त्याच्या एक्स्टेन्शन बाजारावर कंपनीच्या अटी आहेत.

या सगळ्याचा भार सारखा वाटला जात नाही. मोठी बँक मायग्रेशनसाठी बजेट काढते. वार्षिक देखभालीच्या करारावर जगणाऱ्या दोन-चार माणसांच्या फर्मला तसं करता येत नाही. गिऱ्हाईकाच्या लेखी सॉफ्टवेअर तेच, बिल तेच, मग पुन्हा लिहिण्याचे पैसे कशाचे? म्हणून धंद्याचे नियम फॉर्मच्या मागे न लपवता वेगळे ठेवावेत, डेटा साध्या खुल्या स्वरूपात काढता येईल याची खात्री आधीच करावी, आणि साधन बंद पडल्यास बदलाचा खर्च कोण देणार, हे कोटेशनमध्येच लिहावं. कंपनी तारीख जाहीर करते, तेव्हा ही ओळ घालायची वेळ टळून गेलेली असते.