गिरकीला भाव, भावाला किती?

अवघे १.३१ गुण. २०१०च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये रशियाच्या येवगेनी प्लुशेंकोचं सुवर्ण एवढ्याशा फरकानं हुकलं. त्यानं हवेत चार गिरक्यांची उडी, स्केटिंगवाल्यांच्या भाषेत ‘क्वाड’, मारली होती. जिंकलेल्या अमेरिकेच्या इव्हान लायसाचेकनं तिचा प्रयत्नसुद्धा केला नव्हता. प्लुशेंको बिथरला. क्वाड नसेल तर हे पुरुषांचं स्केटिंग नव्हे, नुसता नाच, असा त्याचा सूर. पदक घ्यायला जाताना तो आधी सुवर्णविजेत्याच्या पायरीवर चढला आणि मग आपल्या जागी उतरला. ‘तुमचं रौप्य सुवर्णाच्या तोलाचं आहे’ अशा आशयाची तार पुतिन यांनी धाडली. त्याच्या वेबसाइटवर तर चक्क ‘प्लॅटिनम’ पदक झळकलं. रुसावं तर असं!

तेव्हापासून ही लढत ‘कसरत विरुद्ध कला’ म्हणून सांगितली जाते. गुणपत्रक उघडलं की मात्र गंमत होते. स्पर्धा छोटी आणि मोठी अशा दोन फेऱ्यांची. मोठ्या फेरीत दोघांचे कलेचे गुण तंतोतंत सारखे: ८२.८०. फरक पडला तो तांत्रिक गुणांत. लायसाचेक ८४.५७, प्लुशेंको ८२.७१. म्हणजे या फेरीत क्वाड न मारणारा पुढे गेला तो तांत्रिक हिशेबातच! पाय थकल्यावर, उत्तरार्धात मारलेल्या उडीला तेव्हा दहा टक्के जादा मिळायचे. लायसाचेकनं उड्या मागे राखून ठेवल्या आणि स्वच्छ उतरवल्या. प्लुशेंको काही वेळा हवेतच तिरपा झाला. नाचणारा म्हणून हिणवलेला माणूस गणितात पक्का निघाला.

हे गणित आलं एका लफड्यातून. पूर्वी परीक्षक ६.० पैकी दोन गुण द्यायचे, एक तंत्राचा, एक कलेचा. २००२च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडीच्या स्पर्धेत फ्रेंच परीक्षक बाईंवर दबावाखाली मत दिल्याचा ठपका आला, गदारोळ झाला आणि शेवटी रशियन व कॅनेडियन अशा दोन जोड्यांना सुवर्ण वाटावं लागलं. मग ६.०ची पद्धत मोडीत निघाली आणि प्रत्येक उडीला दरपत्रक लागलं. नऊ परीक्षकांपैकी सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा गुण वगळायचा, उरलेल्या सातांची सरासरी काढायची.

दरपत्रक आलं की पळवाट आलीच. २०१८पर्यंत क्वाड लुट्झ या उडीची मूळ किंमत १३.६ होती. ती मारून आपटलात तर ४ गुण जात, वर पडल्याचा १ दंड. तरी हाती ८.६! आणि तीन गिरक्यांची तीच उडी डोळ्यांचं पारणं फिटेल अशी मारली, तर जास्तीत जास्त ८.१. कपडे झटकत उठणारा पुढे, मोरपिसासारखा उतरणारा मागे. पुढे नियम बदलले. आता तशाच आपटण्याला ४.७५ मिळतात आणि नुसत्या बिनचूक तिहेरी लुट्झला ५.९. देर आए.

काही उड्यांची नावं माणसांचीच आहेत. अॅक्सल ही नॉर्वेच्या अॅक्सल पॉलसेनची. त्यानं १८८२ साली व्हिएन्नात ती मारली, तीसुद्धा शर्यतीचे स्केट घालून. पुढे तोंड करून उडायचं आणि मागे तोंड करून उतरायचं, म्हणून हिच्यात नेहमी अर्धी गिरकी जास्त. साल्काव ही आणखी एक उडी, नाव दहा वेळा विश्वविजेते ठरलेल्या स्वीडिश गृहस्थांचं. १९०२च्या जागतिक स्पर्धेत त्यांच्या मागोमाग दुसरी आली ती इंग्लंडची मॅज सायर्स. बायकांनी भाग घेऊ नये असं नियमांत लिहायचंच कुणाला सुचलं नव्हतं!

आणि ‘फिगर’ म्हणजे काय? बर्फावर ब्लेडनं कोरलेल्या आकृत्या. एकेकाळी साठ टक्के गुण याच वळणांना होते. परीक्षक वाकून रेघा न्याहाळायचे. प्रेक्षकांना जांभया. १९९०मध्ये आकृत्या गेल्या, नाव तेवढं उरलं.

माझं आवडतं ऑलिंपिक १९७६चं, इन्सब्रुकचं. ब्रिटनच्या जॉन करीला लहानपणी बॅले शिकायचं होतं. वडिलांनी नाही म्हटलं. स्केटिंग मात्र चालेल, तो खेळ आहे ना! पोरानं बॅले गुपचूप बर्फावर नेला आणि सुवर्ण जिंकलं. त्याच स्पर्धेत अमेरिकेच्या टेरी कुबिकानं बर्फावर उलटी कोलांटी मारली. तिच्यावर लगेच बंदी आली. २०२४च्या जागतिक स्पर्धेत फ्रान्सच्या अॅडम सियाओ हिम फानं ती मुद्दाम मारली, दोन गुणांचा दंड भरला आणि छोट्या फेरीतल्या एकोणिसाव्या स्थानावरून थेट कांस्य उचललं. त्याच वर्षी बंदी उठली.

पण खरी मेख वेगळीच आहे. पुरुषांच्या मोठ्या फेरीत कलेच्या गुणांना साधारण शंभराचं छत आहे. उड्यांच्या बाजूला छतच नाही. बीजिंगमध्ये २०२२ साली अमेरिकेचा नेथन चेन जिंकला तेव्हा कलेत त्याला ९७.२२ होते, तंत्रात १२१.४१. अजून किती सुंदर नाचणार? तानांचा पाऊस पाडणाऱ्याला तानेमागे रुपया आणि एका सुरावर सभागृह थांबवणाऱ्याला ठरावीक बिदागी, असं मैफलीत केलं तर काय होईल, तेच इथं होतं. त्याच स्पर्धेत जेसन ब्राऊन एकही क्वाड न मारता सहावा आला, हे मला चेनच्या सुवर्णापेक्षा कमी वाटत नाही. उलटही घडतं. बीजिंगच्या चार वर्षं आधी प्यॉंगचँगला चेननं एका फेरीत सहा क्वाड मारल्या, त्या फेरीत सगळ्यांत जास्त गुण मिळवले आणि एकूण पाचवा आला. छोट्या फेरीत तो सतरावा होता.

तिथं जिंकला होता जपानचा युझुरू हान्यू. लागोपाठ दोन सुवर्णं, पुरुषांत ६६ वर्षांनी प्रथमच. तो थांबला की प्रेक्षक बर्फावर विनी द पूच्या बाहुल्यांचा पाऊस पाडायचे. या अस्वलांना गुण नव्हते, नाहीतर स्पर्धा घ्यायचीच गरज नव्हती.

बीजिंगला हाच हान्यू क्वाड अॅक्सल मारायला निघाला. साडेचार गिरक्या, स्पर्धेत तोवर कुणालाच न जमलेल्या. (पुढे सप्टेंबर २०२२मध्ये अमेरिकेच्या सतरा वर्षांच्या इलिया मालिनिननं ती जमवली.) २०१८नंतरच्या दरपत्रकात तिचा भाव १२.५, त्यातल्या स्वस्त झालेल्या लुट्झच्या क्वाडपेक्षा फक्त एक गुण जास्त. हान्यूची गिरकी थोडी कमी पडली, तो आपटला. हाती आले ५ गुण, वजा पडल्याचा १. तिहेरी अॅक्सल तो झोपेतही मारायचा, आणि तिचे नुसते मूळ गुणच ८ होते.