तोफेच्या धातूतून पदक घडवणारी पेढी

लंडनमध्ये ब्रूटन स्ट्रीट आणि न्यू बाँड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर चार्ल्स फ्रेडरिक हॅनकॉक यांनी १८४९ साली सोन्या-चांदीची पेढी थाटली. त्याच वर्षी राजघराण्याची सनद मिळाली. पुढे १८५१ च्या महाप्रदर्शनात माल मांडला गेला आणि शर्यतींचे चांदीचे करंडक, सरदारांच्या मेजावरची भांडी, जडजवाहीर अशी कामं येत गेली. व्हिक्टोरियाकालीन लंडनमध्ये अशी नावाजलेली दुकानं आणखीही होती. हॅनकॉक वेगळी ठरली ती एका कांस्यपदकामुळे.

१८५६ हे या पेढीचं फार मोठं वर्ष. डेव्हनशायरच्या ड्यूकने आपल्या घराण्याच्या संग्रहातली ८८ कोरीव रत्नं हॅनकॉककडे सोपवली आणि त्यांतून सात दागिन्यांचा संच बनवून घेतला. मॉस्कोत झार अलेक्झांडर दुसरा याच्या राज्याभिषेकाला जाणाऱ्या काउंटेस ग्रॅनव्हिल यांच्यासाठी तो होता. त्याच वर्षी २९ जानेवारीला राणी व्हिक्टोरियाने रणांगणावरच्या शौर्यासाठी द्यायच्या व्हिक्टोरिया क्रॉस या पदकाच्या फर्मानावर सही केली आणि ते पदक बनवण्याचं कामही याच पेढीकडे आलं. अनमोल रत्न आणि भंगारातली तोफ, दोन्हींवर एकाच नावाखाली काम सुरू होतं.

पदकासाठी युद्धात हाती लागलेल्या तोफांचा धातू वापरायचा ठरला. सेबॅस्टोपोलला पाडाव केलेल्या रशियन तोफांचा, असं सांगितलं जाई. पुढे क्ष-किरण तपासणीत सगळ्याच पदकांचा धातू एका प्रकारचा नाही असं दिसलं, आणि धातूसाठी ज्या तोफांची टोकं कापली गेली त्या चिनी बनावटीच्या निघाल्या.

हा धातू कारागिरांना सहज वश झाला नाही. एरवी पदकं ठशाखाली दाबून पाडतात. इथे धातू इतका कणखर की ठसेच तडकले. तेव्हा पेढीने ओतकामाचा जुना मार्ग धरला. धातू वितळवून रेतीच्या साच्यात ओतायचा. साच्यातून येणारा क्रॉस खडबडीत असतो, त्याच्या कडा कानसीने घासाव्या लागतात. मग कारागीर बारीक छिन्नीने मुकुटावरचा सिंह आणि खालच्या पट्टीवरची अक्षरं हाताने उठवतो. शेवटी रसायनाने गडद तपकिरी रंग चढवतात. वरच्या आडव्या पट्टीच्या मागे वीराचं नाव, हुद्दा आणि पलटण कोरतात. क्रॉसच्या मागच्या वर्तुळात पराक्रमाची तारीख येते. ओतकाम आणि हातकाम असल्यामुळे दोन क्रॉस तंतोतंत सारखे नसतात. मला यात या पदकाचा खरा मान दिसतो. ज्या माणसाने एकट्याने काही केलं, त्याच्यासाठी एका कारागिराने एकट्याने बसून घडवलेली ही वस्तू आहे.

२६ जून १८५७ रोजी हाइड पार्कमध्ये राणीने घोड्यावर बसूनच ६२ जणांच्या छातीवर ही पदकं लावली. ‘टाइम्स’ने त्यांना सामान्य आणि दरिद्री दिसणारी म्हटलं. तो शेरा कुणी मनावर घेतला नाही, हे बरं झालं.

भारतीय सैनिकांना हे पदक १९११ पासून खुलं झालं, आणि मग या पेढीचं काम आपल्या मुलखापर्यंत पोचलं. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले बाकी सगळे मशिनगनच्या माऱ्यात पडले. घाडगे एकटेच धावून गेले. ग्रेनेड फेकला, एकाला गोळी घातली. बंदूक रिकामी झाल्यावर दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवलं, आणि शत्रूच्या लपलेल्या नेमबाजाच्या गोळीने त्यांना तिथेच वीरमरण आलं. वय फक्त २२. पुढच्या वर्षी ९ एप्रिलला सेनिओ नदीवर त्याच रेजिमेंटचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना पाण्यातून सुखरूप आणलं. मग शत्रूच्या मशिनगन बंद पाडल्या आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्यांना पुढे बोलावलं. जाधव परत आले आणि १९८४ पर्यंत जगले.

पेढीने पुढे जागा बदलल्या, मालकही बदलले, तरी क्रॉस आजही तीच बनवते. मूळ धातूचा जपून ठेवलेला साठा सुमारे दहा किलो उरला आहे.

मुंबई-गोवा महामार्गावरून कोकणात जाताना माणगाव लागतं. घाडगे याच तालुक्यातले. तिथे त्यांचा पुतळा आहे. गाडी दहा मिनिटं थांबवा आणि मुलांना तो जरूर दाखवा.